तीन पंख्यांचं कार्ड

दुकानातून घरी आलेला कॉम्प्युटर चालू केला आणि आप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आधी त्यात दिवे लागले. लाल, मग निळे, मग जांभळे. दिवे कुणी मागितले होते? पण दिव्यांचं एक वेळ सोडून दिलं असतं. धाकटीनं खेळ उघडला, तर पडद्यावर नुसतं हिरवं रान. ना रस्ता, ना घर, ना नदीवरचा पूल. वर मोठ्या अक्षरांत विचारलं होतं, तुमच्या नव्या शहराचं नाव काय ठेवायचं?

"नवं कशाला? आपलं जुनं कुठाय?" आप्पा म्हणाले.

धाकटीनं माउस इकडे फिरवला, तिकडे फिरवला. दोनदा बंद करून परत उघडून पाहिलं. मग ती हळूच म्हणाली, "भावजी, इथे काहीच नाहीये हो."

धाकटी म्हणजे आप्पांची मेहुणी. थोरली म्हणजे आप्पांची बायको, आणि ती हिवाळ्यात गेली. त्या दोघी बहिणींनी मिळून या कॉम्प्युटरवर एक शहर वसवलं होतं. कॉम्प्युटर मुळात धाकटीच्या मुलाचा. त्याला दुसरीकडे नोकरी लागली, तो हे धूड मागे टाकून गेला, आणि थोरलीनं तो उचलून आपल्या घरी आणला. दोघींना एकेकटीला तो खेळ जमेना, म्हणून त्यांनी वाटणी केली. कीबोर्ड थोरलीकडे, माउस धाकटीकडे. एकीनं म्हणायचं, "रस्ता डावीकडे ने," दुसरीनं म्हणायचं, "तिकडे शाळा आहे, आंधळे!" अशी रोज संध्याकाळ. आप्पा पाणीखात्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. ते मागच्या खुर्चीत पेपर घेऊन बसत. त्यांची पाठ पडद्याकडे असे. पण कान काही बंद नव्हते. बस डेपो कुठे हलवला, डोंगरावरची वस्ती कशी वाढली, पूल कुठवर आला, हे सगळं त्यांना ऐकून ठाऊक होतं. शहर पाहिलं मात्र कधी नव्हतं. आता त्यांना ते पाहायचं होतं. तिनं बांधलेलं दुसरं काय होतं त्यांच्याजवळ?

आणि नेमकं आताच जुनं ग्राफिक्स कार्ड बिघडलं. पडद्यावर चित्र उमटवायचं काम त्या कार्डाचं. खेळ उघडला की हिरवे पट्टे यायचे, मग सगळं काळं. म्हणून आप्पा दुकानात गेले होते. दुकानदाराला त्यांनी सरळ शब्दांत सांगितलं होतं, "फक्त कार्ड बदला. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"काळजीच सोडा, काका," दुकानदार म्हणाला होता.

आप्पांनी कॅबिनेटचं झाकण उघडलं. आत नवं कार्ड होतं, चांगलं हातभर लांब, पोटाला तीन पंखे. या टोकापासून त्या टोकापर्यंत ते असं आडवं पसरलं होतं, जसा पाहुणा येऊन पलंगावर ताणून देतो. आणि पुढच्या बाजूला जिथे डिस्क बसवायचा पत्र्याचा खण होता, तिथे काहीच नव्हतं. खण नाही, डिस्क नाही. स्क्रूची चार भोकं तेवढी राहिली होती.

"शहर त्या डिस्कवर होतं," धाकटी म्हणाली.

"इंटरनेटवर नसतं का ते? तुझा मुलगा म्हणायचा."

"ताईनं जोडू दिलं असतं तर असतं. एकदा जोडलं, तर तो खेळ तिला म्हणाला, हे विकत घ्या, ते विकत घ्या. तिनं वायरच उपटली. म्हणाली, माझ्या शहरात बाहेरच्यांनी नाक खुपसायचं नाही."

आप्पांनी चपला घातल्या.

धाकटीच्या स्कूटरवर कॅबिनेट पायांत धरून दोघं दुकानात पोचले. दुकानदार नव्हता. काउंटरवर त्याची बायको हेडफोनची खोकी रचत होती.

"माझी डिस्क कुठाय?" आप्पांनी नमस्कारही केला नाही.

तिनं कॅबिनेटकडे पाहिलं. "अहो काका, तुमच्या डिस्कच्या जागी नवी ड्राइव्ह टाकलीय ना! चपटी असते, तिला जागा लागत नाही. आमच्याकडून भेट. जुनीपेक्षा दसपट जोरात चालते."

"मी मागितली होती?"

"कार्ड लांब होतं. तो खण आड येत होता, म्हणून काढावा लागला."

"आड येत होता म्हणून काढला? न्हाव्याकडे गेलो आणि कात्रीच्या आड येतो म्हणून त्यानं माझा कान कापून ठेवला, तर चालेल?"

"आणि वर म्हणेल, दुसऱ्या कानानं ऐका, दसपट ऐकू येईल," धाकटीनं जोड दिली.

बाई जरा वरमली. "पण काका, जुन्या डिस्कचं कुणी विचारत नाही हो. आम्ही त्या टाकून पण देत नाही. आमचे हे कॅमेरे बसवायला जातात ना, तेव्हा रेकॉर्डरमध्ये त्याच घालतात."

"कॅमेऱ्यात? आणि तिच्यावर जे आहे ते?"

"ते पुसलं जातं. रेकॉर्डर पहिल्यांदा चालू केला की डिस्क कोरीच करून घेतो." हे बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं. तिनं हातातलं खोकं खाली ठेवलं. "आत्ताच गेलेत. कोपऱ्यावरच्या दातांच्या दवाखान्यात."

"फोन लावा!"

तिनं लावला. फोन काउंटरवरच वाजला.

कॅबिनेट तिथेच टाकून दोघं निघाली. धाकटी पुढे, आप्पा मागे. चालता चालता आप्पांचं तोंड चालूच होतं. "विचारायला काय झालं होतं? जीभ झिजली असती? आम्ही लोकांच्या घरात नळ बदलायला गेलो तर मोरीतली बादलीसुद्धा विचारून हलवायचो. हा माणूस आतडं काढून घेतो आणि वर दिवे लावून देतो!"

"भावजी, रागवा पण पाय उचला."

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत दुकानदार शिडीवर चढून कोपऱ्यात कॅमेरा फिरवत होता. खाली टेबलावर काळा रेकॉर्डर, शेजारी छोटा पडदा. डॉक्टरीणबाई हातमोजे घालून पडद्यापुढे वाकल्या होत्या. आतल्या खुर्चीत एक माणूस तोंड आ करून त्यांची वाट पाहत पडला होता.

"हे काहीतरी विचारतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डिस्कवरचं सगळं पुसायचं का? हो म्हणू?"

"हो म्हणा, हो म्हणा," दुकानदार शिडीवरून म्हणाला.

"हात काढा!" आप्पा दारातूनच असे ओरडले की आतल्या माणसानं तोंड मिटलं.

धाकटीनं दोन ढांगांत टेबल गाठलं आणि डॉक्टरीणबाईंच्या हाताखालून माउस काढून घेतला. "द्या इकडे. माउस माझा असतो." तिनं 'नाही' वर बाण नेला, दाबलं, आणि वर रेकॉर्डरची वायरही भिंतीतून ओढून काढली.

दुकानदार खाली उतरला. "काय झालं काका? एवढं काय?"

"ही डिस्क कुणाची?"

"तुमची... म्हणजे, तुमची जुनी. काका, तिच्यावर एक गेम तर होता. मी तुम्हाला तो नवा भरून दिलाय."

आतापर्यंत आप्पा त्याला तुम्ही म्हणत आले होते. आता ते सुटलं.

"ऐक. तुझ्या दुकानात तो गेम असेल, पाहिजे तेवढ्या वेळा भरता येत असेल. माझ्या बायकोनं त्यात शहर बांधलं. आजारपणात उठवत नव्हतं, तरी खुर्चीला उशा लावून बसायची आणि बांधायची. ती गेली. ते शहर हिच्यात आहे, दुसरीकडे कुठेही नाही. तू मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. विचारायला काही लागत नाही. तू विचारलं नाहीस, कारण तुला वाटलं, म्हाताऱ्याला काय कळतंय, दिवे दाखवले की खूश होईल."

आतला माणूस खुर्चीत उठून बसला होता. गालाला कापसाचा बोळा धरून त्यानंच शेवटी तोंड उघडलं. "द्या ना त्यांची डिस्क," तो अर्धवट जिभेनं म्हणाला.

दुकानदारानं स्क्रू काढून डिस्क आप्पांच्या हातात ठेवली. "चुकलं काका," एवढंच म्हणाला. आप्पांनी मान हलवली नाही. माफ करायची त्यांना घाई नव्हती.

दुकानात परतल्यावर दुसराच पेच निघाला. पत्र्याचा खण परत बसवला तर तीन पंख्यांचं कार्ड मावेना. दुकानदारानं ते तिरकं करून पाहिलं, उलटं करून पाहिलं.

"डिस्क बाहेर ठेवू का, काका? लांब वायरीनं जोडून?"

"बाहेर म्हणजे?"

"कॅबिनेटच्या शेजारी. जमिनीवर."

"ती जमिनीवर आणि हे तुझं धूड गादीवर? कार्ड काढ."

"मग तुम्हाला एका पंख्याचं आखूड कार्ड घ्यावं लागेल. पण सांगून ठेवतो, त्याच्यावर नवे गेम नीट चालत नाहीत."

"नवे गेम कोण खेळतंय?"

"आणि दिवे नसतात त्याला."

"बघा, भावजी," धाकटी म्हणाली, "तोट्याचा सौदा होतोय."

आखूड कार्ड बसलं. खण बसला. डिस्क खणात गेली. आप्पा आणि धाकटी दोन्ही बाजूंनी असे उभे होते की दुकानदाराला स्क्रूड्रायव्हर उचलायचीही चोरी. प्रत्येक वायर लावताना तो आता विचारत होता, "ही लावू ना?" आणि आप्पा प्रत्येक वेळी मोठ्यानं म्हणत होते, "लाव."

घरी आल्यावर धाकटीनं माउसपुढची खुर्ची ओढली. कीबोर्डपुढची खुर्ची रिकामी होती. आप्पा सवयीनं मागच्या खुर्चीकडे वळले.

"तिकडे कुठे? इकडे या. दोन हातांनी मला जमत नाही."

आप्पा पुढे बसले. खेळ उघडला, आणि डोंगरामागून शहर वर आलं. हिरवा पट्टा नाही, काळं काही नाही. डोंगरावरची वस्ती होती. बस डेपो होता, ज्यावरून दोघी तीन दिवस बोलत नव्हत्या. रस्त्यांवर गाड्या चालू लागल्या, इवल्या खिडक्यांत दिवे लागले. नदीवर पूल होता, अर्धा, हवेत तुटलेला. आप्पा बघत राहिले. त्यांच्या मनात शहर बरंच लहान होतं. आणि नदीची दिशा त्यांनी उलटी धरली होती.

मग ते एकदम पुढे वाकले.

"हे काय आहे?"

"कुठलं?"

"हा पाइप. नदीत सुटतोय तो."

"सांडपाण्याचा."

"आणि हे?"

"पिण्याच्या पाण्याचा पंप."

"अगं, पण नदी इकडून तिकडे वाहतेय! गटार वर आणि पंप खाली? सगळं शहर गटाराचं पाणी पितंय! लोक आजारी पडतील!"

"पडतातच," धाकटी म्हणाली. "म्हणून तर ताईनं तीन हॉस्पिटलं बांधली."

"तीन हॉस्पिटलं! पंप उचलून वर न्यायचा सोडून तीन हॉस्पिटलं!" आप्पा खुर्चीतून उठलेच. दुकानदारावर चिडले होते त्याहून त्यांचा आवाज वर चढला. "मी इथे बसलो होतो! या इथे, हातभर अंतरावर! जन्मभर पाण्याचंच काम केलं मी. तोंडानं नुसतं विचारायचं होतं, अहो, पंप कुठे लावू? दोन शब्द! तेवढंही नाही विचारलं!"

"मी म्हणायची तिला, भावजींना विचारू."

"मग?"

धाकटी पडद्याकडेच बघत होती. "ती म्हणायची, जन्मभर त्या माणसानं लोकांचे पाइपच पाहिलेत. आता कुठे निवांत पेपर वाचतोय. नको त्याला उठवूस."

आप्पांनी उभ्यानंच चष्मा काढला, शर्टानं पुसला, परत लावला.

"म्हणून काय लोकांना गटाराचं पाणी पाजायचं?" ते म्हणाले, पण आवाज बसला होता. "आधी ते थांबव. आपण इथे बोलतोय आणि ते तिथे पीत बसलेत."

"थांबवायचं बटण माझ्याकडे नाही, तुमच्याकडे आहे. ते खालचं लांब बटण."

आप्पा बसले. त्यांनी लांब बटण जरा जास्तच जोरात दाबलं. गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"आता पंप उचल."

"उचलला. कुठे ठेवू?"

"वर ने. अजून वर. गटाराच्या पुढे ने गं. अगं, अजून!"

"तिकडे शाळा आहे, भावजी, दिसत नाही का?"

"शाळेच्या मागून घे मग," आप्पा म्हणाले आणि त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली.