चौथं मत

“मला मत देऊ नका,” ट्रेव्हर डाऊस हळू आवाजात म्हणाला.

दारातल्या बाईने त्याच्या छातीवरच्या तपकिरी फितीच्या फुलाकडे पाहिलं, मग हातातल्या पत्रकाकडे. पत्रकावर ट्रेव्हरचा फोटो होता आणि खाली ठळक अक्षरांत ‘मला मत द्या’ असं छापलं होतं.

“हे तुम्हीच ना?”

“मीच. फोटो जुना आहे.”

“आणि मत देऊ नको?”

“एप्टनबाईंना द्या. फक्त म्युरिअलला सांगू नका. आमच्या पक्षाची प्रचारप्रमुख आहे ती. समोरच्या बाजूची घरं करतेय.”

बाई दार लावता लावता थांबली. “म्युरिअल म्हणजे ती उंच, जांभळ्या टोपीवाली? अहो, ती मंगळवारीच येऊन गेली. हेच सांगत होती. आणि म्हणाली, ट्रेव्हरला कळू देऊ नका, बिचाऱ्याला लागेल.”

ट्रेव्हरने वळून रस्त्यापलीकडे पाहिलं. जांभळी टोपी एका दाराशी वाकून काहीतरी कुजबुजत होती. एकतीस वर्षांत पादचारी पक्षाची मोहीम इतकी एकदिलाने कधी चालली नव्हती.

पक्ष छोटा होता. सॉल्टरबीमध्ये त्याचे सभासद तीन: ट्रेव्हर, त्याची बायको लॉर्ना आणि म्युरिअल. प्रत्येक गावाला बस, प्रत्येक रस्त्याला फुटपाथ आणि दर दोनशे पावलांवर एक बाक, एवढंच पक्षाचं म्हणणं होतं. पक्ष स्थापन झाला तेव्हा बरे रंग सगळे इतरांनी घेऊन टाकले होते, म्हणून वाट्याला तपकिरी आला. सभासदाने मोटार ठेवायची नाही असा नियम होता. एकतीस वर्षांपूर्वी ट्रेव्हरने आपली चांगली चालती मोटार विकली. तेव्हा तो बस डेपोत मेकॅनिक होता. बस दुरुस्त करणाऱ्या माणसाने मोटारीतून कामावर जाणं त्याला दुकानदाराने शेजारच्या दुकानातून साखर आणण्यासारखं वाटे.

तो सात वेळा उभा राहिला आणि सातही वेळा पडला. सर्वांत जास्त म्हणजे अठ्ठ्याऐंशी मतं पडली ती त्याचं नाव मतपत्रिकेत सर्वांत वर होतं त्या वर्षी. लोक म्हणायचे, “ट्रेव्हर, माणूस तू चांगला आहेस रे, पण तुला मत दिलं की वाया जातं.” त्यावर तो विचारायचा, “दर रविवारी चर्चमध्ये जाता, तिथल्या देवाने कधी एखादी निवडणूक जिंकली का? मग? जो जिंकतोय त्याला मत द्यायचं असेल तर मत कशाला, टाळ्या वाजवा.” लोक हसायचे, त्याला चहा द्यायचे आणि दुसऱ्याला मत द्यायचे.

आठव्यांदा मात्र घोटाळा झाला. नावं मागे घ्यायची मुदत बुधवारी चारला संपली. गुरुवारी सकाळी एका मोठ्या पक्षाच्या रूपर्ट हॅक्सबी नावाच्या उमेदवाराने जाहीर केलं, की आपण निवडून आलो तर नऊ नंबरची बस बंद. दुसऱ्या मोठ्या पक्षाच्या जिलियन एप्टन म्हणाल्या, आपण आलो तर बस राहील. जिल्हा परिषदेत दोन्ही बाजू अगदी बरोबरीत होत्या. सॉल्टरबीची ही एक जागा ज्याची, नऊ नंबर त्याच्या हातात.

नऊ नंबर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी लॉर्नाला बावीस मैलांवरच्या रुग्णालयात डायलिसिसला नेई. दुसरी बस नव्हती. रुग्णांसाठीची गाडी मिळते का म्हणून ट्रेव्हरने फोन केला, तर पलीकडच्या मुलीने विचारलं, “त्या बसस्टॉपपर्यंत चालत जाऊ शकतात का?” जाऊ शकते, असं तो अभिमानाने म्हणाला. “मग त्या गाडीच्या नियमात बसत नाहीत,” मुलगी म्हणाली.

“पण स्टॉपवर बसच आली नाही तर?”

“तो प्रश्न आमच्या अर्जात नाही.”

त्याच दुपारी ट्रेव्हर निवडणूक अधिकाऱ्यांकडे गेला. मिस्टर पर्किस हे सरळ पाठीचे, सरळ भांगाचे गृहस्थ होते. “मला नाव मागे घ्यायचंय,” ट्रेव्हर म्हणाला.

“काल चार वाजेपर्यंत घेता आलं असतं.”

“काल मला गरज नव्हती.”

“बहुतेकांचं असंच होतं,” मिस्टर पर्किस सहानुभूतीने म्हणाले आणि त्यांनी खिडकी बंद केली.

म्हणून मग पत्रकं खिशात ठेवून तीन आठवडे तो दारोदार स्वतःच्या विरुद्ध हिंडला. गेल्या वेळी आपल्याला कोणी मत दिलं होतं ते त्याला साधारण ठाऊक होतं. पंचेचाळीस माणसं. एकेकाला गाठून त्याने हात जोडले. म्हातारा कोलबेक तर रडायलाच आला. “मी तुझ्याशिवाय कोणाला मत दिलेलं नाही रे. दुसरीकडे फुली मारायला हातच वळणार नाही माझा.”

“वळव,” ट्रेव्हर म्हणाला. “लॉर्नासाठी वळव.”

त्याने सगळी दारं ठोठावली. एक सोडून.

लॉर्नाची मतपत्रिका टपालाने घरी आली होती. ती शब्दकोड्याचं हिरवं पेन घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि कपाने कागद झाकत म्हणाली, “तिकडे बघ. गुप्त असतं.” तिला काय सांगणार? की तुझ्या रक्तासाठी मी माझा पक्ष विकतोय? ती हसली असती, किंवा हसली नसती, आणि दोन्ही त्याला झेपलं नसतं. शिवाय बसची सगळ्यात जास्त गरज तिलाच होती. तिला सांगायची काय आवश्यकता? पाकीट त्याने स्वतःच्या हाताने नाक्यावरच्या लाल पेटीत टाकलं.

मतदानाच्या दिवशी त्याने ओळखपत्र म्हणून बसचा पास दाखवला. दोरीला बांधलेली पेन्सिल उचलली. ‘डाऊस, ट्रेव्हर’ सर्वांत वर होतं. त्याच्या खाली ‘एप्टन, जिलियन’. एक चौकट खाली जायला त्याला चार मिनिटं लागली. बाहेर आला तेव्हा केंद्रावरच्या बाईने विचारलं, “बरं वाटत नाही का?”

“फुली जरा जड गेली,” तो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी लॉर्नाला नऊ नंबरमध्ये बसवून तो मोजणीला गेला. मोजणी क्रीडा केंद्राच्या बॅडमिंटन कोर्टावर होती. मोठ्या पक्षांची माणसं टेबलांभोवती घोळक्याने वाकली होती. ट्रेव्हर आणि म्युरिअल जाळीच्या खांबाशी उभे होते.

“तुझा गठ्ठा कुठाय?” म्युरिअलने विचारलं.

“दिसत नाहीये.”

“अगदी नाहीच दिसत,” ती म्हणाली आणि तिला एकदम खोकला आला. दोघांनीही एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

पहिल्या मोजणीत एप्टन सहाशे बारा, हॅक्सबी सहाशे बारा. दुसऱ्या मोजणीतही तेच. हॅक्सबी घाम पुसत होते, एप्टनबाई नखं खात होत्या. मिस्टर पर्किसांनी तिन्ही उमेदवारांना टेबलाशी बोलावलं. “शंकास्पद मतपत्रिका पुन्हा एकदा पाहू,” ते म्हणाले. एकीवर ‘सगळे चोर’ लिहिलं होतं, ती बाद. एकीवर तिन्ही नावांसमोर हसरे चेहरे होते, तीही बाद.

तिसरी त्यांनी टेबलावर ठेवली. फुली हिरव्या शाईची होती. ‘डाऊस’च्या चौकटीत सुरू झालेली तिची एक तंगडी थरथरत घसरली होती आणि ‘एप्टन’च्या चौकटीत जाऊन थांबली होती.

ट्रेव्हरने टेबलाची कड धरली. डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी लॉर्नाचा हात असाच थरथरत असे. कोड्यातली तिची अक्षरं अशीच शेजारच्या घरात जात.

“तंगडी आमच्या चौकटीत आहे,” एप्टनबाई चटकन म्हणाल्या.

“मधला भाग डाऊस यांच्या चौकटीत आहे,” हॅक्सबी त्याहून चटकन म्हणाले. “छोट्या पक्षांचा आवाज दाबू नका! ही लोकशाही आहे.” छोट्या पक्षांविषयी त्यांना इतकं प्रेम असल्याचं त्या दिवशी पहिल्यांदाच उघड झालं.

“मिस्टर डाऊस?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“ते यांचं आहे,” ट्रेव्हर म्हणाला. “एप्टनबाईंचं. बघा ना, निघालंय त्यांच्याकडेच. पोहोचलंय.”

“पण आपली एकही दुसरी मतपत्रिका नाही. हे गेलं तर आपल्याला शून्य.”

“शून्य चालेल. शून्य चांगलं आहे. साहेब, मी हात जोडतो, हे माझ्याकडून घ्या.” त्याचा आवाज चढला तशी सगळी टेबलं शांत झाली. “मीच सांगतोय ना, मला नको! मी देऊन टाकतो त्यांना. लिहून देतो. कुठे सही करू?”

मिस्टर पर्किसांनी चष्मा काढला. बावीस वर्षांत त्यांनी उमेदवारांना मतासाठी भांडताना पाहिलं होतं. मताविरुद्ध भांडणारा हा पहिलाच. “मिस्टर डाऊस,” ते म्हणाले, “तुम्हाला देता येणार नाही, कारण मत तुमचं नाहीच. ज्याने दिलं त्याचं आहे. आणि त्याला ते तुम्हालाच द्यायचं होतं, हे अगदी स्पष्ट दिसतंय.”

स्पष्ट तर ट्रेव्हरलाही दिसत होतं. तेच तर सहन होत नव्हतं.

बरोबरी झाली की चिठ्ठी. नियमच आहे. मिस्टर पर्किसांनी दोन सारखी पाकिटं घेतली आणि पेटी शोधली. पेटी मिळेना, तेव्हा मोजणीवाल्यांच्या चहाच्या टेबलावरून बिस्किटांचा डबा आणवला. उरलेली दोन बिस्किटं त्यांनी बशीत नीट काढून ठेवली, चुरा झटकला, पाकिटं आत टाकली, डबा हलवला, डोळे मिटले आणि हात घातला.

“हॅक्सबी.”

चिठ्ठी निघेल त्याला एक मत जास्त पडलं असं धरतात. हॅक्सबी सहाशे तेरा, एप्टन सहाशे बारा, डाऊस एक. बिस्किटांच्या चुऱ्याने माखलेलं पाकीट हातात धरून हॅक्सबींनी जनतेचे आभार मानले.

एप्टनबाई सरळ ट्रेव्हरसमोर येऊन उभ्या राहिल्या. “एक मत,” त्या म्हणाल्या. “एकच मत हवं होतं. तेवढं स्वतःला द्यायचा मोह आवरला नाही ना तुम्हाला? आणि वर आम्हाला नाटक दाखवलंत.”

“नाही आवरला,” ट्रेव्हर म्हणाला.

म्युरिअलच्या हातातून टोपी पडली. “तू? ट्रेव्हर, मी सगळा रस्ता… मी माझं स्वतःचं मतसुद्धा…” तिने टोपीकडे पाहिलंही नाही. “तुझी बायको त्या बसने जाते रे.”

“हो,” तो म्हणाला. “माहीत आहे.”

टोपी त्याने उचलून दिली. म्युरिअलने ती घेतली, पण घरापर्यंत ती त्याच्या पुढे दहा पावलं चालत राहिली.

लॉर्ना दुपारच्या बसने परतली ती नेहमीसारखी, कागदासारखी पांढरी होऊन. त्याने तिला खुर्चीत बसवलं, पायांवर पांघरूण घातलं, किटली ठेवली.

“किती पडली?” तिने डोळे मिटूनच विचारलं.

तो पाठमोरा होता. कपात दूध ओतलं. “चार.”

“चार!” तिने डोळे उघडले. “तुझं, माझं, म्युरिअलचं… आणि चौथं कुणाचं रे?”

“काय माहीत. गुप्त असतं.”

“मी तुलाच दिलं हं. तुला वाटलं असेल, बसच्या भीतीने त्या बाईकडे गेली असेन.” तिने हात पांघरुणाखाली घेतला. “आठ वेळा उभा राहतोस. उद्या कागदावर तुझ्या नावापुढे कमी मतं दिसली तर दिसू देत, पण त्यात माझं नाही असं व्हायला नको. आणि माझ्या एकटीच्या मताने बस थोडीच राहते किंवा जाते? कोण आलं?”

“हॅक्सबी.”

“बऱ्याच मतांनी?”

किटली उकळून बंद झाली होती. त्याने ती पुन्हा लावली.

“बऱ्याच,” तो म्हणाला.

“मग बरं,” लॉर्ना म्हणाली. “आपल्यामुळे काही बिघडलं नाही.”

सोमवारी सकाळी तिने हट्टाने त्याच्या कोटावर तपकिरी फूल लावलं. चार मतं पडलेल्या माणसाने मान खाली घालून चालायचं कारण नाही, म्हणाली. स्टॉपवर खांबाला नोटीस चिकटवली होती: नऊ नंबर महिनाअखेर बंद. लॉर्नाला ती वाचता येऊ नये म्हणून ट्रेव्हर खांबासमोर उभा राहिला. रांगेत तिघं होती. तिघांनी फुलाकडे पाहिलं आणि मग रस्त्यापलीकडच्या समुद्राकडे. लॉर्ना मात्र एकेकाकडे निरखून, खुशीत पाहत होती. चौथा कोण असेल?

बस आली. दार उघडलं. ड्रायव्हर डॅरेनने फूल पाहिलं, आणि त्याचे ओठ घट्ट झाले. डबा, पाकीट, ते एक मत, सगळं त्याला ठाऊक होतं. लॉर्ना सोडली तर सॉल्टरबीत सगळ्यांनाच होतं. महिनाअखेरीनंतर डॅरेनलाही काम नव्हतं.

“डॅरेन,” लॉर्नाने खालूनच विचारलं, “खरं सांग. ट्रेव्हरला चार मतं पडली. तीन कुणाची ते मला माहीत आहे. चौथा तू ना?”

डॅरेनने ट्रेव्हरकडे पाहिलं. ट्रेव्हर तिच्या मागे उभा होता, तिची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून. नुसता पाहत राहिला.

इंजिन थोडा वेळ तसंच धडधडत राहिलं.

“मीच तो, लॉर्ना,” डॅरेन म्हणाला. “पण कुणाला सांगू नकोस.”

“वाटलंच मला,” ती म्हणाली.

त्याने बटण दाबलं. हवा सुटल्याचा आवाज आला, आणि तिला पाय उचलायला जड जाऊ नये म्हणून सबंध बस त्या बाजूने हळूहळू फुटपाथपर्यंत वाकली.