भुंग्याची सीट दाराबाहेर

मी एक जुनी कार-सीट आहे आणि मी रागावलेली आहे. मित्रांनो, जुनी वस्तू बोलायला लागली की ती उसासे टाकणार, असं तुम्हाला वाटत असेल. मला उसासे टाकायचे नाहीत. मोठ्या माणसांना सांगून उपयोग होत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे.

मोटारीच्या मागच्या आसनावर तान्ह्या बाळाला पट्टे बांधून बसवतात, ती मी. उचलायला वर कडी आहे, आत निळं अस्तर आहे. कारखान्यात वितळलेलं प्लास्टिक साच्यात ओतून मला घडवलं. माझ्यासारख्याच एका सीटमध्ये बाळाच्या वजनाची बाहुली बांधून ती सीट जोरात आदळली. बाहुली जागची हलली नाही, तेव्हा आम्हा सगळ्यांना पसंतीचा शिक्का मिळाला. माझ्या पाठीवर ठळक अक्षरं उठवलेली आहेत: ‘फक्त प्रवासासाठी. बाळाला यात झोपवून ठेवू नये.’ ही अक्षरं आजवर धुळीशिवाय कोणी वाचलेली नाहीत.

आधी मी एका लहान मुलीची होते. ती मोठी झाली आणि मी माळ्यावर गेले. माझी वापरायची मुदत संपायच्या आत तिच्या मामाकडे बाळ झालं, म्हणून मला पुसून, अस्तर धुऊन तिकडे पाठवलं. मला फार आनंद झाला होता. वस्तूला काम मिळालं की दुसरं काय हवं असतं?

त्या बाळाचं नाव घरात कोणी घेत नसे. सगळे त्याला भुंगा म्हणत. झोप लागली की तो नाकातून बारीक गुणगुणायचा. ती गुणगुण अस्तरातून माझ्या सांगाड्यात उतरायची. मोटार सिग्नलला थांबली की मला ती स्पष्ट कळायची आणि मी निश्चिंत असायचे.

भुंग्याची आई वजनकाटे तपासायची. दुकानांतले, दवाखान्यांतले, गोदामांतले. ती कधीही सांगून जात नसे. “सांगून गेलं की प्रत्येक काटा शहाण्यासारखा वागतो,” असं ती म्हणायची. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. बंद दाराला कान लावून कुठे काय घासतंय ते ओळखायचे. अशी ही दोन हुशार माणसं. म्हणून तर मला जास्त राग येतो.

आईची रजा संपत आली आणि घरात एकच विषय सुरू झाला: भुंग्याला घरगुती पाळणाघरात ठेवायचं की डे-केअर सेंटरमध्ये?

आजीचे गुडघे दुखायचे, त्यामुळे ती सांभाळू शकत नव्हती. मत मात्र तिचंच मोठं. “एवढंसं पोर त्या कोंडवाड्यात टाकणार? कोणाच्या तरी घरात राहू दे. घर ते घर असतं.”

“आणि तिथे एकाला सर्दी झाली की सगळी रांगेने शिंकणार,” बाबा म्हणाले.

“पण घरात एकच बाई असते. तिला ताप आला तर? बाळाकडे कोण बघणार?” आई म्हणाली.

प्रश्न सगळे रास्त होते. अंतराचा झाला, वासाचा झाला, पडद्यांच्या रंगाचासुद्धा झाला. बाळ दिवसातला बराचसा वेळ झोपणार, ते कुठे आणि कसं झोपणार, हे मात्र कोणी विचारलं नाही. मी कोपऱ्यात बसून वाट पाहत होते.

दोन्ही जागा बघायला आम्ही गेलो, तेही आधी फोन करून. काटे न सांगता तपासणाऱ्या बाईला परक्याच्या दारात अचानक जाणं बरं वाटेना.

सेंटरमध्ये दार उघडताच गोंगाट अंगावर आला. एक बाळ रडत होतं, दुसरं पालथं पडून गादीवर हात आपटत होतं. भिंतीचा रंग उडालेला होता. खांद्यावर दुधाचा डाग पडलेली एक ताई पुढे आली. तिने भुंग्याला उचललं आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

“ही बाहेर ठेवा. आत आणत नाही आम्ही.”

“अहो, तो हिच्यातच शांत झोपतो,” बाबा म्हणाले.

“इथे सपाट गादीवर झोपेल. पाठीवर.”

“उचलला की रडतो तो.”

“रडेल थोडा. आम्ही आहोत ना.”

परतताना बाबा धुसफुसत होते. “बाहेर ठेवा म्हणे. सीट आहे की चप्पल?” त्यांना माझा अपमान झाल्यासारखं वाटलं. मला नाही वाटलं. माझ्या पाठीवर लिहिलेलं कोणीतरी पहिल्यांदाच बोललं होतं.

मग मावशींचं घर. मावशी म्हणजे आईच्या सख्ख्या मावशी नव्हेत, तिथे येणारे सगळेच त्यांना मावशी म्हणत. पडदे ओढलेले, फरशी लखलखीत, दोन मोठी मुलं ठोकळे रचत होती. रडण्याचा आवाज नाही. मावशींनी भुंग्याच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, “या साहेबांचा काही त्रास व्हायचा नाही.”

“किती शांत आहे इथे!” आई म्हणाली, आणि तिथेच निर्णय झाला. संध्याकाळी आजी शेजारच्या काकूंना सांगत होती, “शेवटी माझंच ऐकलं.”

मावशी वाईट नव्हत्या, हे मी मुद्दाम सांगते. त्यांचा हात मऊ होता. दोन मोठी मुलं खोलीभर पळायची, एखाद्याचा पाय भुंग्यावर पडू नये म्हणून त्या त्याला माझ्यातच ठेवायच्या. पहिल्याच दिवशी बाबांनी दारातून सांगितलं होतं, “सीटमध्येच राहू द्या मावशी, झोपतो छान.” हे वाक्य मी विसरणार नाही. मावशींनी मायेपोटी आणखी एक केलं. त्याला मोकळं वाटावं म्हणून माझे पट्टे सैल केले.

आता नीट ऐका. मोटारीत मी मागे कललेली असते, पट्टे घट्ट असतात, त्यामुळे बाळाचं डोकं मागे टेकलेलं राहतं. जमिनीवर ठेवलं की माझा कल बदलतो. पट्टे सैल असले की बाळ खाली सरकतं. तान्ह्याचं डोकं जड आणि मान दुबळी. डोकं पुढे झुकतं, हनुवटी छातीला टेकते. त्याची श्वासनलिका मऊ असते, वाकली की चिमटते. बाळ ओरडत नाही, कारण ओरडायलाही हवा लागते. ते फक्त शांत होतं.

रोज असंच व्हायचं. गुणगुण बारीक व्हायची, अडकायची, थांबायची. मग भुंगा एक झटका देऊन मान वर करायचा आणि गुणगुण परत यायची. आणि मावशी फोनवर सांगायच्या, “गुणी बाळ आहे हो, हूं की चूं नाही!” माझे हात असते तर मी त्याला बाहेर फेकलं असतं. मला कडी आहे, पण ती दुसऱ्याने उचलायची असते.

एके दुपारी आई जवळच्याच दुकानातला काटा तपासून परत निघाली होती. सवयीने तिची पावलं वळली असावीत. तिने बेल वाजवली, न कळवता.

“अगं बाई, तुम्ही? आत्ताच झोपलाय,” मावशी कुजबुजल्या. “उठवू नका.”

आई वाकली. गुणगुण थांबलेली होती. भुंग्याची हनुवटी छातीत रुतली होती आणि ओठांच्या कडा राखाडी दिसत होत्या. आईने झटकन पट्टे काढले, त्याला उचललं आणि गार फरशीवर पाठीवर ठेवलं. त्याने आ केला. हवा आत गेली. मग तो असा भोकाड पसरून रडला की ठोकळे रचणारी मुलं घाबरून उभी राहिली.

“बघा, उठवलंत ना!” मावशी म्हणाल्या.

“मावशी, त्याला श्वास घेता येत नव्हता.”

“काहीतरीच! गाढ झोपला होता.”

“यापुढे सपाट झोपवाल? कठीण गादीवर, पाठीवर? नक्की?”

मावशींचा चेहरा उतरला, मग आवळला. “किती मुलं वाढली माझ्या हाताखाली. आणि तुमचं हे पहिलंच. आता तुम्ही मला शिकवणार? पटत नसेल तर राहू दे.”

“राहू दे,” आई म्हणाली.

तिथून ती थेट दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी तपासलं. भुंगा ठीक होता. बाबा धावत आले आणि निघताना गाडीत भांडण पेटलं. भुंगा माझ्यात होता, पट्टे घट्ट, कल बरोबर.

“ताईची मुलगी याच सीटमध्ये झोपायची. झालं का काही तिला?”

“काटा कालपर्यंत बरोबर होता, म्हणून मी तो आज तपासायचा नाही का?” आईचा आवाज चढला नाही, तरी माझं अस्तर शहारलं. “तू बंद दाराआडून लिफ्टचा बिघाड ऐकतोस. याचा श्वास घरीही अडकत असेल, ते तुला ऐकू आलं नाही. आणि मला शांतता आवडली! मला!”

पुढच्या सिग्नलला बाबा मागे वळले आणि लिफ्टच्या दाराला लावतात तसा कान त्यांनी भुंग्याकडे केला.

दुसऱ्या दिवशी आई आम्हाला घेऊन सेंटरमध्ये गेली, न सांगता. रंग तसाच उडालेला, गोंगाटही तसाच. एका कोपऱ्यात एक बाळ पाठीवर झोपलं होतं आणि डागवाली ताई खाली वाकून त्याच्या छातीची हालचाल बघत होती. आपल्याला कोणी बघतंय हे तिला माहीत नव्हतं.

मित्रांनो, घर चांगलं की सेंटर चांगलं, हे मी सांगणार नाही. मावशी हो म्हणाल्या असत्या तर भुंगा कदाचित तिथेच राहिला असता. पण तुमच्या घरी तान्हं भावंड असेल, तर ते गाडीतून उतरल्यावर माझ्यासारख्या सीटमधून त्याला बाहेर काढायला सांगा. हनुवटी छातीला टेकलेली दिसली तर ओरडा. ‘हळू बोल, बाळ झोपलंय’ असं कोणी दटावलं, तर आणखी मोठ्याने ओरडा.

आता मी रोज सेंटरच्या दाराबाहेर असते, चपलांच्या रॅकवर, रिकामी. आत भुंगा रडतो आहे. बाबा दारात घुटमळतात, मग निघून जातात. रडू दे त्याला. एवढ्या दणक्यात रडायला छातीभर हवा लागते.