उलटा बाण

त्याने अंगठ्याने व्हॉल्व्हवरची धूळ पुसली तेव्हा त्यावरचा बाण दिसला. बाणाचं तोंड पंपाकडे होतं. पाणी एकाच दिशेने सोडणारा हा व्हॉल्व्ह फिटरने चक्क उलटा बसवला होता. उद्या चाचणीत पंप सुरू झाला की पाणी इथेच अडणार, पंप तापणार, आणि चारचौघांत साडूचं हसं होणार.

हातातल्या दोषांच्या यादीत एकोणीस नोंदी होत्या. विसावी त्याने केली नाही.

अठरा वर्षं तो प्रोजेक्ट इंजिनिअर होता. बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला या कारखान्यात त्यानेच चिकटवलं होतं, ड्रॉइंग वाचायलाही त्यानेच शिकवलं होतं. पण गेल्या वर्षी या नव्या विभागाचा प्रमुख नेमायची वेळ आली तेव्हा बाजी मारली ती साडूने. सासरी कौतुकाला नुसता ऊत आला होता. धाकटे जावई पाण्यासारखे, कुठूनही वाट काढतात, असं सासूबाई जेवताना म्हणाल्या होत्या. थोरले कसे, हे कुणी विचारलं नाही. त्याने हसून मान डोलावली, पण घास तोंडात फिरत राहिला होता.

सकाळी सगळे पंपाजवळ जमले. ज्याला सगळे मामा म्हणत तो म्हातारा मदतनीस पंपाला खेटून उभा होता, कुठे गळती होते का ते पाहायला. जोड फुटलाच तर पहिला मार त्याच्या छातीवर. काल हिशेबात मामा आलाच नव्हता.

साडूने यादी पुढे केली.

"भाऊजी, एकोणीसही कामं झाली. बाकी लाइन मी परत फिरून पाहिली नाही."

"का?"

"तुम्ही पाहिलीत ना."

त्याने साडूच्या चेहऱ्यावर खोच शोधली. सापडली असती तर बरं झालं असतं. साडू कंट्रोल रूमला खूण करायला हात वर करत होता.

"थांबा," तो म्हणाला. "पंपापुढचा व्हॉल्व्ह उलटा आहे."

बोल्ट सुटले, व्हॉल्व्ह फिरवला गेला, तासाभराने पाणी सुरळीत वाहू लागलं. साडू ज्याला-त्याला सांगत सुटला की नजर असावी तर भाऊजींसारखी. मोठ्या साहेबांनी येऊन हात मिळवला. वर्षभर ज्यासाठी त्याचा जीव जळत होता, ते सगळं समोर आलं होतं. पण त्याला मान वर करवत नव्हती.

दुपारी साडूने दोषाचा फॉर्म स्वतः भरून आणला. शोधणाऱ्याच्या जागी भाऊजींचं नाव, दोष आढळल्याची तारीख आजची.

"फक्त सही करा."

त्याने पेन घेतलं, तारखेवर काट मारली आणि शेजारी कालची तारीख लिहिली. मग सही केली.

साडूने कागद वाचला. मामा पंपाभोवतीचं पाणी पुसत होता. साडू बराच वेळ तिकडेच पाहत राहिला. मग त्याने फॉर्म घडी करून खिशात घातला.

"उद्या वाफेची लाइन तपासायची आहे," साडू म्हणाला. "मीही येतो बरोबर."