नवरदेवाचे खवले आणि मी, पाण्याचा जार

मी एक जुना पाण्याचा जार आहे. वीस लिटरचा, निळसर, मानेला आखूड आणि पोटाला मोठा. नवा होतो तेव्हा माझ्यातून पलीकडचं सगळं दिसायचं, फक्त जरा फुगून. काडीसारखा माणूसही माझ्याआडून खात्यापित्या घरचा वाटायचा.

मित्रांनो, वितळलेल्या प्लास्टिकच्या गोळ्यात कारखान्यातल्या यंत्राने हवा फुंकली आणि मी झालो. पहिली काही वर्षं एका कचेरीत प्यायच्या पाण्याच्या यंत्रावर उलटा बसून काढली. कुणी पाणी घेतलं की माझ्या पोटातून मोठा बुडबुडा वर जायचा, आणि मला वाटायचं, आपण झोपेत काहीतरी बोललो. मग कचेरीने फिल्टर घेतला आणि मी माशांच्या प्रयोगशाळेत आलो.

तिथे खिडकीशी दोन काचेच्या टाक्या होत्या. डावीकडे कारखान्याखालच्या नाल्याचं पाणी, उजवीकडे स्वच्छ पाणी. ते स्वच्छ पाणी म्हणजे मी. नळाचं पाणी माझ्यात दिवसभर मुरायचं, त्यातला क्लोरिन उडून जायचा, मग ते टाकीत. दुपारी त्या पाण्याची झळाळी छतावर हलायची आणि सोनेरी मासे तिच्याखाली असे तरंगायचे, जणू कुणीतरी त्यांना हळूहळू आठवतंय. त्यांत एक नर होता, लांब झुपकेदार शेपटीचा. साफसफाईच्या मावशी त्याला नवरदेव म्हणायच्या.

"मॅडम, त्याचे खवले उपटून काय बघता हो?" मावशींनी एकदा विचारलं.

मॅडम त्या प्रयोगाच्या मुख्य. "गुंगी देऊन एखादाच काढते, मावशी. पंधरा दिवसांत नवा येतो. तो कसा येतो ते बघायचं. खवला म्हणजे माशाने अंगावर घातलेलं हाडच समजा. त्यात सारखं एकीकडे बांधकाम, एकीकडे पाडकाम चालू असतं."

"म्हणजे आमच्या गल्लीसारखं."

"तसंच. पण इथे निरोप आल्याशिवाय कुणी पाडत नाही. हार्मोन म्हणजे रक्तातून जाणारे निरोप. मादीला अंडी घालायची असली की निरोप येतो, खवल्यांतलं कॅल्शियम काढा आणि अंड्यांकडे पाठवा. आता नाल्यातली काही रसायनं हुबेहूब त्या निरोपासारखी असतात. शरीर फसतं. मग नरसुद्धा काढत बसतो."

"नर? आणि अंडी?"

"अंडी कुठली. नुसती तयारी."

"आमचा जावई," मावशी म्हणाल्या. "दिवस गेलेत लेकीला आणि पोट सुटलंय त्याला."

तीन महिन्यांनी मात्र सगळ्यांचं हसू पळालं. डाव्या टाकीतल्या माशांचे नवे खवले कसर लागल्यासारखे आले, ते अपेक्षेप्रमाणेच. पण उजव्या टाकीतही तेच. नवरदेवाचा खवला सूक्ष्मदर्शकाखाली जाळीदार दिसत होता. दोन्हीकडे सारखंच असेल, तर कारखानेवाले म्हणणार, मासेच असे असतात, आमच्या पाण्याला का नावं ठेवता. नाला होता तसाच वाहत राहणार.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी मावशींना बोलावलं. "टाक्यांच्या पाण्याची अदलाबदल केलीत तुम्ही. दुसरं काय असणार?"

"साहेब, सोळा वर्षांत मी दुसऱ्याची चप्पल घालून घरी गेले नाही. टाक्या कशी बदलेन?"

"पुढच्या महिन्यापर्यंत सुधारलं नाही, तर दुसरी बाई बघावी लागेल."

मावशींनी तो राग माझ्यावर काढला, म्हणजे मला आणखी स्वच्छ केलं. आधी रोज एकदा करायच्या ते दोनदा. किटलीभर उकळतं पाणी, धुण्याचा सोडा, तारेची घासणी, मग काठोकाठ भरून गच्चीवर कडक उन्हात. इतके लाड माझे कुणी केले नव्हते. गच्चीवर मी तापून अर्धवट झोपेत पडायचो, ढग माझ्यातून जायचे, आणि वाटायचं, अंगातून काहीतरी सुटून पाण्यात मिसळतंय. मला वाटलं, ही माया असावी.

नवरदेव आणखी खंगला.

तेवढ्यात मावशींच्या लेकीचं बाळंतपण आलं आणि त्या महिनाभर सुट्टीवर गेल्या. माझं काम वॉचमनकडे आलं. हा गृहस्थ मला धुवायचाच नाही. नळाखाली धरायचा, भरायचा, खुर्चीत जाऊन बसायचा. माझ्या तळाशी शेवाळाची हिरवी रेघ उमटली. मला लाज वाटायची. आणि महिनाअखेरीस नवरदेवाचा नवा खवला घट्ट आला, एकात एक गोल रेघा, मोजून घ्याव्यात अशा.

साहेबांनी वॉचमनच्या पाठीवर थाप मारली. "याला म्हणतात मेहनत." वॉचमनलाही ते खरं वाटलं. मावशींना निरोप गेला, आता येऊ नका.

त्या आल्या. हातात पिशवी, डोळ्यांखाली जागरण.

"काढायचं तर काढा," त्या म्हणाल्या. "पण माझं काय चुकतं ते दाखवा, मग जाते. सोळा वर्षांचं काम आहे, नुसत्या निरोपावर सोडणार नाही."

त्यांनी सगळ्यांसमोर मला धुवायला घेतलं. किटली उकळली. माझ्या तोंडातून वाफ निघाली तसा मॅडमनी त्यांचा हात धरला.

"मावशी, थांबा. हे रोज?"

"रोज. दोन वेळा. स्वच्छ पाणी म्हणालात ना तुम्ही?"

मॅडमनी मला खिडकीसमोर धरलं. माझ्यातून पलीकडचं काही दिसेना, अंगभर ओरखडे आणि धुकं. त्यांनी माझ्यातलं पाणी तपासायला पाठवलं. आठवड्याने उत्तर आलं. मी ज्या मालाचा बनलो, त्यातलंच एक रसायन माझ्यातून सुटत होतं. उकळत्या पाण्याने आणि सोड्याने जास्तच. आणि ते अगदी त्या निरोपासारखं होतं.

म्हणजे नवरदेवाला खोटा निरोप मी देत होतो. रोज, प्रेमाने.

मॅडम साहेबांना म्हणाल्या, "चूक माझी आहे. काचेची बाटली मी मागायला हवी होती. मावशी जाणार नाहीत." साहेबांनी बराच विचार केला आणि सूचना लावली, "अति स्वच्छता करू नये." ती सगळ्यांनी त्याच दिवसापासून पाळली.

काचेच्या बाटल्या आल्या, प्रयोग पहिल्यापासून सुरू झाला. पुन्हा तीन महिने. या वेळी डावीकडचे खवले जाळीदार, उजवीकडचे भरलेले, आणि अहवाल नाल्याकडे बोट दाखवत गेला.

माझं काय करायचं, यावर वॉचमन म्हणाला, "भंगारात देऊ, कुणीतरी पाणी भरेल."

मावशी मला मागच्या दाराशी घेऊन गेल्या. स्क्रूड्रायव्हर लाल होईपर्यंत तापवला. "राग नाही रे तुझ्यावर," त्या म्हणाल्या, "तुला काय ठाऊक होतं, आणि मला तरी. पण कुणाचं लेकरू प्यायलं तर?" आणि माझ्या बुडाला तीन भोकं पाडली.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना जपायचं असेल, तर उकळत्या पाण्याने आंघोळ घालू नका, उन्हात ठेवू नका, आणि अंगावर धुकं चढलं की पाण्याच्या कामातून मोकळं करा. मी आता दाराशी दोन झाडू सांभाळतो. चुकून कुणी पाणी ओतलंच, तर ते माझ्यात थांबत नाही, सरळ निघून जातं. मी त्याला काही सांगत नाही.