बिनजकातीचा धागा

मी कोषांतून रेशमाचा धागा काढणारी मशीन बोलतेय. जुन्या जालन्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा मुक्काम असतो. माझे भाग कर्नाटकात जोडले गेले. सहा वर्षांपूर्वी सुमेधाताईंनी मला इथं आणलं.

ताई गरम पाण्यात कोष सोडतात, टोकं शोधून मला देतात आणि मी धागा गुंडाळत जाते. त्या पाण्यानं त्यांच्या बोटांची कातडी कायम सोललेली. पण धागा तुटला तरी माझ्यावर कधी चिडल्या नाहीत.

कोष कुंभार पिंपळगावच्या चांगुणाबाई आणतात; त्या रेशीमअळ्या पाळतात. धागा येवल्याच्या सोमेश्वरांकडे जातो. ते पैठण्या विणून घेतात. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. ताईंनी स्पीकर लावला होता.

"ताई, बाहेरच्या देशांशी व्यापार करार होतोय. तिकडचा धागा बिनजकातीचा, स्वस्तात येईल म्हणतात. सध्या माल पाठवू नका."

"पण करार झालाय कुठं अजून?"

"होईल हो. आमच्या साड्याही तिकडं जकातीशिवाय जातील. माझा दोन्हीकडून फायदाच."

ताईंनी मला बंद केलं. चार दिवस मी नुसती उभी. माणसं अशी का वागतात कोण जाणे. न झालेल्या गोष्टीसाठी चाललेलं काम थांबवतात.

पाचव्या दिवशी चांगुणाबाई कोषांची पोती घेऊन आल्या. फोनचं ऐकून त्या म्हणाल्या, "करार होईल तवा होईल, बाई. हे कोष थांबत न्हाईत. दोन दिवसांत आतले पतंग कोष फोडून बाहेर येतेत, धागा तुटतो. मंग सगळंच बरबाद!"

ताई उठल्या. पाणी तापवलं. दोघींनी मिळून सगळे कोष संपवले. मी इतकी सलग कधीच फिरले नव्हते.

तो धागा घेऊन ताई स्वतः येवल्याला गेल्या. "आधी मागावर चढवून बघा, मग बोला," असं सोमेश्वरांना म्हणाल्याचं त्यांनी परत आल्यावर चांगुणाबाईंना सांगितलं. विणकरांना धागा पसंत पडला. पण सोमेश्वरांनी पुढच्यासाठी निम्म्याच मालाला होकार दिला, तोही करार होईपर्यंत.

आता मी दिवसाआड चालते. बाकीच्या वेळी ताई मोबाईलवर कराराच्या बातम्या शोधत माझ्याशेजारी बसतात.

काल चांगुणाबाईंनी विचारलं, "पुढल्या महिन्यात अळ्यांची अंडी आणू का?"

ताईंनी मोबाईल बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "आण. पण निम्मीच."

करार करणाऱ्यांनो, तुमचे हिशेब मला कळत नाहीत. बाजार खुला करा, पण सही करण्याआधी या दोघींना एकदा विचारा. त्यांना पुढच्या महिन्याचं आजच ठरवावं लागतं.