नाळ खाली असलेली गाडी

चौक गावात गोवर्धनच्या घरामागे, माडांच्या सावलीत, एका जुन्या मोटारीचा नुसता सांगाडा कित्येक वर्षं उभा होता. गोवर्धनच्या बापाने तो मिठागराच्या एका मालकाकडून आणला, तेव्हाच त्यात इंजिन नव्हतं. मग आणला कशाला, हे त्याने मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. गोल मडगार्ड, दोन तुकड्यांची पुढची काच, आणि दार उघडलं की आत सीटांच्या स्प्रिंगांच्या फाटक्या जाळ्या. पुढे त्या जाळ्यांवर कोंबड्या बसू लागल्या आणि गोवर्धनची बायको सत्यवती रोज सकाळी मोटारीतून अंडी काढू लागली.

त्यांचा मुलगा निकेत भाईंदर पूर्वेला एका कारखान्यात वेल्डिंग करायचा. एका रविवारी तो त्या सांगाड्याभोवती बराच वेळ फिरला, पत्र्यावर बोटाने टकटक करून पाहिलं, आणि बापाला म्हणाला की मी याची गाडी बनवतो. साधी नाही, बुटकी, जमिनीला लागून चालणारी, जुन्या काळच्या शर्यतीच्या गाड्या असत तशी. गोवर्धन म्हणाला, बनव, पण कोंबड्यांचं तुझ्या आयशीला विचार.

मग रविवारमागून रविवार काम चाललं. निकेतने चौकोनी पाइपांची नवी चौकट जोडली, भंगारातल्या एका जीपचं इंजिन आणून त्यात बसवलं. छत खाली आणण्यासाठी त्याचे खांब चार बोटं कापायचे होते, तेव्हा कापलेलं छत दोन्ही हातांवर तोलून धरायला गोवर्धनच उभा होता. पत्र्याच्या कडा घासायची कानस तर त्याच्याच हाती असायची. आपली मासेमारीची होडी त्याने विकली तेव्हा तिची एक सागवानी फळी ठेवून घेतली होती. ती तासून त्याने गाडीला सीट करून दिली.

या रविवारांची त्याला गोडी लागली होती, त्याला कारण होतं. निकेत लहान असताना त्याला तो होडीवर न्यायचा. वारा कसा ओळखायचा, भरती कधी लागते, लाट कशी अंगावर घ्यायची, सगळं त्याने पोराला शिकवलं. पण पोराला समुद्र सोसेना. होडी हलली की याच्या पोटात ढवळायचं. शेवटी त्याने लोखंडाचं काम धरलं. गोवर्धनने बोलून कधी दाखवलं नाही, पण आपल्याकडचं काहीच पोराच्या उपयोगी पडलं नाही, ही सल त्याच्या मनात होती. आता निदान कानस मारताना दोघं एका जागी बसत होते.

आणि मग निकेतने पुढच्या स्प्रिंगा बसवल्या. गाडी चाकांवर उभी राहिली, तर तिचं पुढचं टोक मागच्यापेक्षा वीतभर खाली. निकेत खूश होऊन लांबून बघत राहिला. सत्यवती म्हणाली, ही गाडी न्हाय, बशीतलं दूध पिणारी मांजर हाय. गोवर्धन मात्र हसला नाही. होडीच्या पुढच्या टोकाला कोळी नाळ म्हणतात. नाळ खाली गेली म्हणजे होडी पाणी घेऊ लागली. सबंध आयुष्यात दुसऱ्यांच्या होड्यांचं तसं होताना पाहायची वेळ त्याच्यावर दोनदा आली होती.

“नाळ वर कर,” तो म्हणाला. “नाळ पडलेल्या होडीत मी कधी बसलो न्हाय. या गाडीतबी बसनार न्हाय.”

निकेतची एकच इच्छा होती. गाडी पहिल्यांदा अंगणाबाहेर निघेल तेव्हा शेजारच्या सीटवर बाप हवा. त्याने परोपरीने समजावलं. वाघ झेप घेण्याआधी पुढून वाकतो, तशी ही दिसायला हवी. नाक वर केलं तर ही चारचौघींसारखी होईल. गोवर्धनने ऐकून घेतलं आणि कानस खाली ठेवली, ती ठेवलीच. चहा मात्र तो आणून द्यायचा आणि माडाला टेकून लांबूनच बघायचा. त्यात भर म्हणून शेजारचा धर्माजी रोज कुंपणावरून विचारायचा, “गोवर्धन, तुजी मोटार सारखी खाली बघून काय शोधते हाय? कुनाचा रुपया पडलाय काय?”

निकेतने नाक वर केलं नाही, आणि बापाने हट्ट सोडला नाही.

भाईंदरच्या एका मैदानात जुन्या गाड्यांचा मेळावा होता, तो रविवार आला. गाडी टेम्पोवर चढवून न्यायची होती; पण गल्ली अरुंद, टेम्पो आत येईना. तो पुढे मोठ्या रस्त्यावर उभा राहिला. तिथपर्यंत गाडीला स्वतःच जायचं होतं. नव्या होडीला लावतात तसं सत्यवतीने गाडीच्या नाकाला हळदकुंकू लावलं आणि एवढं वाकावं लागलं म्हणून कंबर धरून उठली. निकेतने डावं दार उघडलं. थोडा थांबला. गोवर्धन उंबऱ्यातच उभा राहिलेला पाहून त्याने दार लावलं आणि गाडी सुरू केली. गाडी पुढे गेल्यावर गोवर्धन चपला घालून तिच्या मागे निघाला.

गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक होता. पोरं गल्लीतून मोटारसायकली पळवतात म्हणून गोवर्धन आणि धर्माजी यांनीच भांडून तो घालून घेतला होता, आणि भांडून घेतलेला म्हणून चांगला उंच. निकेत सरळ गेला. पुढची चाकं पलीकडे उतरली आणि गाडीचं पोट सिमेंटला घासलं. तो आवाज ऐकून त्याचाच चेहरा उतरला. त्याने गाडी मागे घेतली. धर्माजी म्हणाला, दहा पोरं बोलावतो, उचलून ठेवू. कुणी म्हणालं, फळ्या टाका.

गोवर्धन त्या सिमेंटच्या उंचवट्याकडे बघत होता.

“ही लाट हाय,” तो म्हणाला. “लाट समोरून घेतात काय? तुला शिकवलंय मी. तिरकी घे.”

निकेतने काचेतून बापाकडे पाहिलं. त्याला आठवलं असावं, कारण हात लगेच स्टिअरिंगवर वळला. गाडी तिरकी केली, की डावं चाक आधी चढणार, मग उजवं. दोन्ही एकदम कधीच नाहीत. पण लांबलचक बॉनेटमुळे उजवीकडे बसलेल्याला डावं चाक दिसत नव्हतं.

“बा, मना ते चाक दिसत न्हाय,” तो म्हणाला. “तू बस. तू सांग.”

क्षणभर गोवर्धन उभा राहिला. मग दार उघडून, डोकं खाली घालून, आपल्याच होडीच्या फळीवर बसला.

निकेतने गिअर टाकला, तोच गोवर्धन थांब म्हणाला. बॉनेटच्या टोकापुढे रस्त्यावर एक छोटी चप्पल पडली होती. धर्माजीची नात पिंकी धावत आली आणि गाडीच्या अगदी पुढ्यात बसून चपलेचा पट्टा लावू लागली. गोवर्धनला तिच्या वेणीची लाल रिबीन दिसत होती. तो थोडा मागे रेलला, पुन्हा पुढे झाला. नाक वीतभर वर असतं, तर रिबीनच काय, पोरगीसुद्धा दिसली नसती.

पिंकी बाजूला झाली. गोवर्धन दाराबाहेर वाकला.

“हळू. आली. आता दे. दे. बस, उजवं येऊ दे.”

गाडी डावीकडून उचलली गेली, कलली, मग उजवीकडून उचलली गेली. गोवर्धनचं अंग आपोआप कलत गेलं, जसं पाण्यावर जायचं. मागचं एक चाक उतरलं, दुसरं उतरलं. पोट कुठे लागलं नाही. धर्माजीने कोपरापासून हात जोडले.

टेम्पोजवळ निकेतने गाडी थांबवली. बाप उतरेल म्हणून त्याने वाट पाहिली. गोवर्धन बसूनच होता.

“नाळ ऱ्हाऊ दे अशीच,” तो म्हणाला. “पोर दिसली.”

 निकेतने स्टिअरिंगवरचा हात शर्टाला पुसला. मग म्हणाला, “बा, तू जा घरी आता. ऊन होईल.”

“जातो कसा?” गोवर्धन म्हणाला. “येताना लाट दुसऱ्या अंगानं घ्यावी लागंल.”

आणि उतरून तो टेम्पोवाल्याच्या शेजारी जाऊन बसला.