पाचवा रविवार

शालन गेली तेव्हा ज्योतीराम रडला नाही, आणि मंडळीत त्याचं फार कौतुक झालं. काय धीराचा माणूस, विश्वास असावा तर असा, असं जो तो म्हणाला. धीर कसला डोंबलाचा. माणूस बधिर झाला होता. श्रावणात काविळीने बायको गेली आणि चौथ्या दिवशी हा पिंपरीच्या औषधाच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला हजर. बाटल्या एकेक करून उजेडासमोर धरायच्या, आत कण दिसला की बाजूला ठेवायच्या, हे त्याचं काम. कंपनीत बनणारं औषध तिच्या दुखण्यावरचं नव्हतं. याचाही त्याला राग आला नाही. राग यायलासुद्धा आत काहीतरी जागं असावं लागतं.

छप्पन्न साल होतं. कंपनीच्या नोकरीसाठी नगरकडून, जालन्याकडून आलेली पाच-सहा ख्रिस्ती घरं कासारवाडीच्या शिवारात दर रविवारी जमत. देऊळ कुठलं असायला! सोनबा नावाच्या शेतकऱ्याने मळ्यातली कडब्याची खोली रिकामी करून दिली होती. ‘देवाचंच नाव घेताय न्हवं, मग बसा की,’ एवढंच तो म्हणाला होता. पाळकसाहेब खडकीहून दोन महिन्यांतून एकदा यायचे. बाकीच्या रविवारी वाचन आणि प्रार्थना ज्योतीरामकडे, कारण अडखळल्याशिवाय वाचणारा तिथे तो एकटाच होता.

आणि तो हे सोडणार होता. दिवाळीच्या सुमारालाच त्याने ठरवून टाकलं होतं. नाताळला पाळकसाहेब आले की खोलीची किल्ली त्यांच्या हातावर ठेवायची, दुसरा वाचक बघा म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. दुसरा वाचक नाही, म्हणजे खोलीत पुन्हा कडबा भरला जाणार, हे त्याला कळत होतं. नुसतं कळत होतं, वाटत काही नव्हतं.

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, प्रभूच्या येण्याची वाट पाहण्याचे दिवस. त्या दिवसांत मेजावर जांभळं कापड घालायचं, आणि दर रविवारचं वाचन ठरलेलं असतं. हे रविवार मोजायचं काम शालनचं. ती नाताळापासून उलटं मोजत यायची आणि नवऱ्याला आठवडाभर आधी बजावून ठेवायची. यंदा बजावणारं कोणी नव्हतं. गेली चार वर्षं नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी कापड घातलेलं त्याला आठवत होतं, म्हणून त्याने याही वर्षी पंचवीस तारखेला ते काढलं, झटकलं आणि घातलं.

त्या सकाळी खोलीत जराशी चुळबुळ झाली. माणसं कापडाकडे बघत होती, एकमेकांकडे बघत होती. सगळ्यांत म्हातारी सोजराबाई. तिला अक्षर वाचता येत नसे, पण मिशनच्या बोर्डिंगात स्वयंपाक करण्यात तिची उमर गेली होती. तिने बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं, पदर सारखा केला आणि आपणहून भजन उचललं. मग टाळ वाजले, सगळे म्हणू लागले. ज्योतीरामचं लक्ष नव्हतं. त्याने आशेचं वाचन वाचलं. अंधार सरत आलाय, उजाडायला आलंय, जागे व्हा, अशा अर्थाचं. बाटलीत कण नाही हे बघून ती पुढे सरकवावी, तसे त्याने ते शब्द पुढे सरकवले.

असे चार रविवार झाले. सोळा तारखेला चौथं वाचन संपलं, त्याने कापड घडी करून पेटीत ठेवलं आणि घरी आला. नाताळची रजा कुठल्या वारी पडते ते बघायला भिंतीवरच्या कॅलेंडरासमोर उभा राहिला. नाताळ मंगळवारी. आणि मध्ये तेवीस तारीख, लाल अक्षरात, रविवार.

त्याने पुन्हा मोजलं. बोटाने मोजलं. मग खाली बसला. तो आठवडाभर आधी सुरू झाला होता. आगमनाला पाचवा रविवार नसतो. त्या दिवसाचं वाचन कुठल्याही पुस्तकात नाही. आगमनापासून उपासनेचं नवं वर्ष सुरू होतं, आणि वाचकाने त्या वर्षाचा पहिलाच दिवस चुकवावा, म्हणजे झालंच की. आपण किल्ली देतोय ते बरंच आहे, असं त्याला वाटलं. लाज वाटायला हवी होती, तीही धड वाटली नाही.

तेवीसला तो खोलीवर गेला तो फक्त सांगायला, की आज उपासना नाही, घरी जा. पण जाऊन बघतो तर सोनबाकडच्या दुसऱ्या किल्लीने खोली उघडलेली, चटया अंथरलेल्या, सगळी बावीस माणसं बसलेली. मेजावर जांभळं कापड होतं. कोणीतरी पेटीतून काढून घातलं होतं.

तो मेजाशी जाऊन उभा राहिला. सवयीने पुस्तक उघडलं आणि मिटलं.

“माझी चूक झाली,” तो म्हणाला. “मी आठवडाभर आधी सुरुवात केली. आजच्या दिवसाचं वाचन नाही. वाचायला काही नाही.”

कोणी हललं नाही. एवढं सांगून निघायचं होतं, पण तोंड मिटेना.

“माझ्याकडेही काही नाही. शालन गेल्यापासून मी नुसतं वाचतोय. तुम्हाला सांगतो तो येतोय म्हणून, आणि मला कोणी येताना दिसत नाही.”

बाहेर सोनबाची मोट कुरकुरत होती. मग सोजराबाई बसल्या जागेवरून बोलली, भाजी निवडताना बोलावं इतक्या साधेपणाने.

“आमाला ठावं हाय, भाऊ. चूक झाली ते बी पयल्या दिशीच ठावं व्हतं.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना.”

“मग बोललं का नाही कोणी?”

“श्रावणापासून तुमी कंच्या कामाला आपणहून हात लावला न्हवता. त्या दिशी बघितलं तर तुमी कापड घालत व्हता. कोन कशाला सांगतंय, की काढा म्हनून?” तिने पदराने नाक पुसलं. “यंदा जरा आधीपास्नं वाट बघू, म्हटलं आमी. तुमच्यासंगं.”

महिनाभर ज्योतीराम या माणसांना पोकळ शब्द वाचून दाखवत होता, आणि ही माणसं, त्यांना सगळं माहीत असून, थंडीत दोन-दोन मैल चालत येऊन त्याच्या चुकीच्या रविवारी बसत होती. तेही त्याला कळू न देता. तो वाट पाहत नव्हता, तेव्हा त्याच्या वाटणीची वाटही त्यांनीच पाहिली होती.

आणि मग दुखलं. मुंग्या आलेला पाय मोकळा करताना दुखतो तसं, सगळीकडून. शालन गेली. ती गेली, आणि तिच्यावाचून नाताळ येतोय. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याला हे नुसतं कळलं नाही, लागलं. तो मेजामागून निघाला, पुरुषांच्या बाजूला चटईच्या कडेला बसला आणि सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडला. कोणी त्याची समजूत घातली नाही. सोजराबाईने भजन उचललं, टाळ धरले गेले, आणि रडणाऱ्या माणसाला पोटात घेऊन ते बराच वेळ चाललं.

शेवटी सूचना द्यायची वेळ आली. ती वाचकानेच द्यायची असते. सगळे थांबले होते. ज्योतीरामने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि उठून उभा राहिला. मंगळवारी पाळकसाहेब सकाळच्या गाडीने येतील, त्याने सांगितलं, प्रत्येकाने घरून थोडा फराळ आणावा.

“आणि त्याच्या पुढच्या रविवारी, तीस तारखेला,” तो म्हणाला, “उपासना नऊ वाजता. खोली मी उघडीन.”